छातीचा जुना आजार : झटका सांगून येतो

थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांमध्ये रात्री खोकल्याचे आवाज वाढतात. म्हातारी माणसे भिंतीला टेकून, बसल्या बसल्या रात्र काढतात. घरातले म्हणतात, "वय झाले, दमा आहे, चालायचेच." पुष्कळदा हा दमा नसतोच. वर्षानुवर्षांच्या धुराने आणि धुळीने छातीतल्या श्वासनळ्या सुजून अरुंद झालेल्या असतात, आणि फुफ्फुसातल्या हवेच्या नाजूक पिशव्या निकामी झालेल्या असतात. डॉक्टर या आजाराला सी.ओ.पी.डी. म्हणतात. २०१६ साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना तो असल्याचा अंदाज आहे.

हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. माणसाला खचवतात ते मधूनमधून येणारे झटके. मोठ्या झटक्यानंतर पुष्कळ रुग्णांची फुफ्फुसे पूर्वीसारखी होत नाहीत. काल जिना चढणारा माणूस झटक्यानंतर ओट्यापर्यंतच जाऊ शकतो. म्हणून झटका कशाने येतो आणि येण्याआधी काय सांगतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

बिडी न ओढणाऱ्यांनाही होतो

दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "बिडी-सिगारेट ओढता का?" आपली आई किंवा आजी "नाही" म्हणते आणि तपास तिथेच थांबतो. पण तिने तीस-चाळीस वर्षे गोवऱ्या, तुराट्या आणि पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे बसून भाकरी थापलेल्या असतात. तो धूर तिच्या छातीतच गेला. रस्ते झाडणारे सफाई कामगार, दगडखाणीतले मजूर, गिरणीत कापसाचे तंतू श्वासात घेतलेले कामगार, तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणाऱ्या बाया यांच्याही छातीवर कामाची खूण राहते. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला, त्यांनाही पुढे असा त्रास होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना आपले काम आणि आपली चूल दोन्ही सांगा, आणि स्पायरोमेट्री नावाची फुंकण्याची तपासणी करायची का, हे विचारा.

झटक्याच्या आधीच्या खुणा

झटका एका रात्रीत आल्यासारखा वाटतो, पण बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधीपासून शरीर खूण करत असते. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. रोजच्यापेक्षा धाप वाढली का? बेडका जास्त पडू लागला का? त्याचा रंग पांढऱ्याचा पिवळा किंवा हिरवा झाला का? यातली एक गोष्टही दिसली तरी "उद्या बघू" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपताना नेहमीपेक्षा एक उशी जास्त लागणे, जेवता जेवता दम लागणे, पंप वारंवार घ्यावा लागणे, याही खुणाच आहेत.

घरातला धूर

झटक्याचे एक मोठे कारण आपल्या छपराखालीच असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. तरी सिलिंडर महाग पडतो म्हणून पाणी तापवायला चूल पेटतेच. ती घराबाहेर, उघड्यावर पेटवा आणि आजारी माणसाला तिच्यापुढे बसवू नका. डासांच्या कॉइलकडे तर आपले लक्षच जात नाही. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दारे-खिडक्या लावून कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. वंदनेच्या वेळी फुले वाहावीत, उदबत्ती बंद खोलीत लावू नये.

घरातल्या कोणी बिडी ओढायची तर "दारात उभा राहून ओढतो" हे चालणार नाही, कारण दारातला धूर घरातच येतो. आणि रुग्ण स्वतः ओढत असेल तर बिडी सोडल्यावाचून कोणतेही औषध पुरे पडणार नाही.

धूळ, ठसका आणि हवा

केर काढताना धूळ उडते. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्या. दिवाळीची जाळी-जळमटे काढणे, रंग देणे, मिरच्या भाजणे, मसाला कांडणे ही कामे चालू असताना रुग्णाने शेजारी जाऊन बसावे. फटाक्यांत लहान मुलांची सापाची गोळी निरुपद्रवी वाटते, पण तिचा धूर फार दाट असतो. कचरा जाळणाऱ्याला समजावून सांगा.

थंडीत पहाटेची हवा जड असते आणि धूर जमिनीलगत साचून राहतो. फिरायला ऊन पडल्यावर जावे, नाका-तोंडावर रुमाल किंवा मास्क असावा. शेकोटीजवळ बसू नये. पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बुरशी धरते, तीही छातीला बाधते.

बहुतेक झटक्यांच्या मुळाशी सर्दी-पडसे असते. घरात कोणाला सर्दी असेल तर त्याने रुग्णापासून दूर झोपावे आणि सर्वांनी हात साबणाने धुवावेत. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाची लसही असते. दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या रुग्णांनी पंप पिशवीत न ठेवता खिशात ठेवावा आणि गर्दीत मास्क काढू नये.

पंपाची भीती सोडा

"पंपाची सवय लागते" हा गैरसमज फार जुना आहे. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून थोडे पुरते. बरे वाटले की पंप बंद करायचा, हेही झटक्याचे एक कारण असते. रोजचा पंप रोज घ्यावा आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा ओळखून ठेवावा. पंप घेण्याची रीत दवाखान्यात करून दाखवायला सांगा. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंका.

हे करू नका

१. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

२. धाप लागलेल्या माणसाला झोपेची गोळी देऊ नका. तिने श्वास मंदावतो.

३. सिलिंडर आणून मनाने ऑक्सिजन लावू नका. या आजारात प्रमाणाबाहेर ऑक्सिजन दिल्यास काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते.

४. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त किंवा वजन घटणे दिसले तर जुना आजार समजून बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते.

धाप लागली तर रुग्णाला पुढे वाकवून बसवा आणि डॉक्टरांनी सांगितलेला पंप द्या. त्याने नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून हळूहळू सोडावा. ओठ किंवा नखे निळी पडली, एक वाक्यही सलग बोलता येईना, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

एक साधी वही करा. झटका आला की तारीख, आदल्या दोन दिवसांत घरात काय घडले आणि बेडक्याचा रंग लिहा. आजीला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नात लिहील. चार-सहा नोंदी झाल्या की आपल्या माणसाला नेमके काय बाधते ते घरालाच कळू लागेल, आणि डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडेल.