घरभर इंटरनेट : मेश वायफाय म्हणजे काय व ते कसे बसवावे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह कार्यकारिणीतील मित्रांनी धरला. आम्ही पडलो बँकेतील लिपिक, त्यातही कला शाखेचे पदवीधर. तेव्हा आम्ही यंत्रतंत्राच्या विषयावर लेखणी उचलावी याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु सावंगी (मेघे) येथील अनेक परिचितांकडून आम्ही एकच तक्रार ऐकतो : समोरच्या खोलीत इंटरनेट धावते, मागच्या खोलीत गेले की ते बसते. हीच तक्रार आमच्या घरात एका संध्याकाळी फार महाग पडणार होती. त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे समजले ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

झाले असे की, मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेरीचा पर्याय-अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. महाविद्यालयांचे क्रम लावून झाले होते. शेवटचे निश्चितीचे बटण तेवढे दाबायचे होते. तिची अभ्यासाची खोली घराच्या अगदी मागे. पान उघडे, चाक गरगर फिरे आणि पुन्हा प्रवेशाचा सांकेतिक शब्द मागे. तीनदा असे झाले. त्या फेरीचा अर्ज निश्चित झाला नाही, तर फेरी हातची जाते. मुदत संपायला पाऊण तास उरला असता ती लॅपटॉप घेऊन समोरच्या खोलीत धावली. तेथे राऊटरच्या खाली जमिनीवर बसून तिने अर्ज निश्चित केला. पावती निघाली तेव्हा आमच्या जिवात जीव आला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी परिचर्येची विद्यार्थिनी तर वर्षभर सांगत होती, "काका, वरती नेट येऊनच नाही राहिलं." आम्ही तिला दर वेळी "पाहतो" एवढेच म्हणत आलो होतो.

आता आमच्या घराची रचना सांगितली पाहिजे, कारण सावंगीतील बरीच घरे अशीच आहेत. समोरच्या दोन खोल्या वडिलांनी बांधलेल्या, भिंती नऊ इंची विटांच्या. मागची खोली व स्वयंपाकघर नंतरचे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० साली येथे सुरू झाल्यावर विद्यार्थी, परिचारिका यांना खोल्यांची गरज भासू लागली. मग जो तो स्लॅबवर आणखी एक मजला चढवू लागला, तसा आम्हीही चढविला. घराची लांबी पन्नास फूट. फायबरची तार येते ती रस्त्याच्या बाजूने, म्हणून तिचा डबा अगदी दाराशी, खिडकीच्या वर. तार जोडणाऱ्याने आपले काम सोपे होईल अशी जागा निवडली आणि आम्हीही हरकत घेतली नाही.

आमची पहिली चूक अशी की, आम्ही योजना वाढविली. सेवा पुरविणाऱ्याच्या माणसाने सांगितले, "प्लॅन मोठा घ्या, सगळीकडे पोहोचेल." ४० मेगाबिटची योजना १०० मेगाबिटची केली. समोरच्या खोलीत वेग खरोखर वाढला. मागच्या खोलीत जसा होता तसाच राहिला. नळाला पाणी जोरात आले म्हणून मागच्या अंगणातील झाडाला ते मिळत नाही, तेथवर पाइप न्यावा लागतो, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. (येथे एक खुलासा : योजनेतील आकडा मेगाबिटचा असतो. आठ बिट मिळून एक बाइट होते, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. पुष्कळांना हा हिशेब ठाऊक नसतो आणि ते आपण फसविले गेलो असे समजतात.)

वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. घरातील राऊटर साधारणतः दोन पट्ट्यांवर बोलतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहाच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, पण ती लहर भिंतीत लवकर दमते. २.४ ची लहर दूर जाते, पण तिच्यावर शेजारपाजारच्या राऊटरांची गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. मध्ये भिंत आली तर त्याहून पुष्कळ कमी. स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते, म्हणून वरच्या मजल्याचे हाल अधिक.

आपल्या विदर्भात एक शत्रू आणखी आहे, त्याचा उल्लेख शहरी लेखांत सापडत नाही. तो म्हणजे कूलर. पत्र्याची मोठी पेटी आणि तिच्यात पाणी! पत्रा लहर परतवतो, पाणी ती शोषून घेते. वरच्या खोलीच्या खिडकीत मार्चअखेर कूलर बसला की तेथील इंटरनेट मंदावते आणि पावसाळ्यात तो निघाला की सुधारते, हे आम्ही दोन वर्षे पाहत होतो व दोष सेवा पुरविणाऱ्याला देत होतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांचेही तसेच. आमच्या एका सहकाऱ्याने तर राऊटर कपाटाच्या मागे "दिसायला बरे" म्हणून ठेवला होता.

दुसरी चूक आम्ही बाजारातून 'एक्सटेंडर' आणून केली. तो आम्ही मागच्या खोलीत, म्हणजे जेथे इंटरनेट येत नव्हते तेथेच लावला. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो निरोप पुढे काय सांगणार? शिवाय साधा एक्सटेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो. बँकेच्या खिडकीवर एकच लिपिक रोख घेतो आणि तोच देतो, तेव्हा रांग जशी दुप्पट रेंगाळते तसा प्रकार होतो; वेग निम्म्यावर येतो. त्याचे नावही वेगळे ठेवावे लागले. घरात चालता चालता फोन जुन्या नावालाच चिकटून राही.

मेश वायफाय ही यापुढची पायरी. मेश म्हणजे जाळे. दोन-तीन डबे घरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात. त्यांतील एक फायबरच्या डब्याला जोडलेला असतो. बाकीचे त्याच्याशी व एकमेकांशी बोलून निरोप पुढे पोहोचवितात. सर्वांचे नाव एक, सांकेतिक शब्द एक. कोणत्या वाटेने निरोप न्यावा हे डबे आपसांत ठरवितात. एखादा डबा बंद पडला आणि जवळ दुसरा असला तर वाट बदलते. फोनही एका डब्याकडून दुसऱ्याकडे सरकतो. मात्र कोणत्या डब्याला धरायचे हा अंतिम निर्णय फोनचा असतो. डबे फक्त सुचवितात. म्हणून जुना फोन कधीकधी लांबच्या डब्याला धरून बसतो, तेव्हा फोनचे वायफाय एकदा बंद करून चालू करावे.

ही कल्पना घरासाठी जन्मली असे नाही. वायफायचे मूळ मानक १९९७ साली ठरले, तर जाळ्याच्या पद्धतीचे मानक २०११ साली आले. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवान्यातून मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये बराच रुंद करण्यात आला. म्हणूनच आज आपण परवाना न मागता राऊटर लावतो. स्पेनमधील कॅटलोनियाच्या ग्रामीण भागात कंपन्या तारा टाकीत नव्हत्या, तेव्हा २००४ पासून तेथील लोकांनी छपरांवर अँटेना लावून 'गिफी' नावाचे सामाईक जाळे उभे केले. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील खेड्यांत मुंबईच्या आय.आय.टी.ने 'ग्राम मार्ग' हा प्रयोग केला. जेथवर फायबर आहे तेथून पुढच्या गावापर्यंत दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या पट्ट्यातून, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींनी, इंटरनेट न्यायचे व गावात पोहोचल्यावर वायफायने वाटायचे. लहर जितकी लांब तितकी ती झाडा-टेकड्यांतून दूर जाते, हे तत्त्व त्यामागे आहे. त्या प्रयोगाला २०१७ साली मोझिलाचा पुरस्कार मिळाला. आमच्या पन्नास फुटांच्या घरातला प्रश्न त्या मानाने किरकोळ. पण तो तोच आहे, तार जेथे संपते तेथून पुढे काय?

आता प्रत्यक्ष कृती. पैसे खर्च करण्यापूर्वी एक तपासणी जरूर करावी. राऊटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहून वेग मोजावा. तेथेच वेग कमी असेल तर दोष तारेत किंवा योजनेत आहे. मेशचे दहा डबे लावूनही उपयोग नाही. तेथे वेग ठीक आणि मागे कमी असेल, तरच पुढे वाचावे. अँड्रॉइड फोनवर वायफायची शक्ती दाखविणारी मोफत अॅप्स मिळतात. त्यांत आकडा उणे असतो. उचल खात्याप्रमाणेच येथेही उणे जितके कमी तितके बरे : उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत दृक्श्राव्य वर्ग सुरळीत चालतो, उणे ८० म्हणजे नावापुरते. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. आम्ही वहीत घराचा आराखडा काढून खोलीखोलीचे आकडे लिहिले. दारात उणे ४२, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उणे ६१, मुलीच्या खोलीत उणे ८१, वर उणे ८४. दुसरा डबा कोठे हवा हे त्या कागदानेच सांगितले.

डबा अंधाऱ्या खोलीत ठेवायचा नाही. जेथे प्रकाश अजून बरा आहे व जेथून अंधारी खोली दिसते, अशा मधल्या जागी ठेवायचा. आमच्याकडे ती जागा जिन्याचा टप्पा ठरली. तेथून वरही जाता येते, मागेही. दोन डब्यांचा संच आम्हाला ५,८०० रुपयांना पडला. एवढे खर्च करण्याआधी फायबरचा डबाच घराच्या मध्यभागी सरकविता येतो का ते विचारावे. लहान घरात तेवढ्याने काम भागते आणि बाराशे-पंधराशे चौरस फुटांच्या खाली, एक मजली घरात, मेशची गरज बहुधा पडत नाही.

जोडणी फोनवरील अॅपमधून होते, ती अर्ध्या तासाची आहे. मात्र तीन गोष्टींत आम्ही अडलो. पहिली : फायबरच्या डब्याचे स्वतःचे वायफाय बंद करावे लागते, नाहीतर दोन्ही एकमेकांवर ओरडतात. दुसरी : नवीन जाळ्याला जुनेच नाव व जुनाच सांकेतिक शब्द दिला तर घरातील प्रत्येक फोन, दूरचित्रवाणी संच व प्रिंटर पुन्हा जोडावा लागत नाही. आम्ही हौसेने नवे नाव दिले आणि एक रविवार घालविला. तिसरी : मेशचा डबा व फायबरचा डबा हे दोघेही राऊटरचे काम करू लागले की घोटाळा होतो. एकाला जोडलेला प्रिंटर दुसऱ्याला जोडलेल्या संगणकाला दिसत नाही. अशा वेळी मेशच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' हा प्रकार निवडावा. भाडेकरूंसाठी 'गेस्ट' जाळे वेगळे ठेवावे. जोडणी आपल्या नावावर असते हे विसरू नये.

डबे एकमेकांशी हवेतून बोलतात तेव्हा वेग काहीसा घटतोच. तीन पट्ट्यांचे संच आपसांतील बोलण्यासाठी एक पट्टा राखून ठेवू शकतात, पण ते महाग. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन डब्यांमध्ये तार टाकणे. कॅट-६ ची तार १०० मीटरपर्यंत चालते, घराला पुरून उरते. विजेच्या तारांच्या नळीतून ती नेऊ नये, वेगळी नळी घालावी. बाहेरून न्यायची तर उन्हात टिकणाऱ्या वेष्टणाची घ्यावी. आपल्या मे महिन्याच्या उन्हात स्वस्त वेष्टण तडकते. उन्हाचा दुसरा मुद्दा डब्याचाच. अशा घरगुती उपकरणांना बहुधा ४० अंशांपर्यंतचेच तापमान सोसते आणि वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पलीकडे जातो. टिनाच्या छपराखाली किंवा बंद माळ्यावर डबा ठेवू नये.

वीज गेली की जाळ्याचा प्रत्येक डबा मुकाट होतो. आम्ही प्रथम फक्त फायबरच्या डब्याला लहान यू.पी.एस. लावला आणि जिन्यावरच्या डब्याला विसरलो. पहिल्याच भारनियमनात समोर इंटरनेट, मागे अंधार, असा जुना खेळ पुन्हा झाला. आता दोन्हींना लावला आहे.

आपल्या अभ्यासिकेसाठी असाच संच घ्यावा, अशी सूचना काही विद्यार्थ्यांनी केली आहे. तेथील हिशेब वेगळा आहे. अभ्यासिका हा एकच मोठा दालनवजा कक्ष आहे, मध्ये भिंती नाहीत. तेथे अडचण पोहोचण्याची नसून एकाच वेळी तीस-चाळीस फोन जोडले जाण्याची आहे. तेथे एकच चांगल्या प्रतीचा डबा छताच्या मध्यावर, तारेने जोडलेला, आणि योजना मोठी, हे स्वस्तात पडेल. विद्यार्थ्यांनी चित्रफिती बघण्याऐवजी आधी उतरवून आणल्या तर आणखी बरे.

आमच्या घरी आता मुलीच्या खोलीत आकडा उणे ५८ आहे. वर उणे ६६ येतो, पण कूलर बसल्यावर तो उणे ७४ पर्यंत घसरला. भाडेकरू मुलगी आता तक्रार करीत नाही, तरी तिच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी आम्ही तिला खालच्या खोलीत बसविले. जिन्यातून वरपर्यंत तार टाकायचे काम बाकी आहे. नळी आणून ठेवली आहे. गवंडी मिळाला की मार्चच्या आत ते उरकायचे आहे.