ट्रॅक्टरवर टेप बसवताना : वायर, फ्यूज आणि मोजकी हत्यारे



गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजू लागतात. रात्रीच्या खेपा, काट्यापुढची लांबलचक रांग आणि वर थंडी. अशा वेळी ड्रायव्हरला सोबत म्हणून टेप बसवला, तर त्यात वावगे काही नाही. नाव टेपच राहिले, आतली कॅसेट जाऊन पेनड्राइव्ह आला, एवढाच काय तो फरक.

मात्र टेप घेताना चार दुकाने हिंडणारा आपला माणूस वायर घेताना "असेल ती दे" म्हणतो, आणि खरा धोका तिथेच असतो. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर, मागे भरलेल्या ट्रॉल्या आणि फडात सगळीकडे वाळलेले पाचट. तिथे एक ठिणगीही पुरे होते. म्हणून टेप थोडा लहान घेतला तरी चालेल, पण वायर, फ्यूज आणि जोड यांत काटकसर करू नये.

१२ व्होल्टला कमी लेखू नका

बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी असा समज आहे. तो चुकीचा आहे. १८० वॅटच्या वस्तूला घरातल्या २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा करंट लागत नाही. तीच वस्तू १२ व्होल्टवर चालवायची तर १५ अँपिअर लागतात. वायर तापते ती करंटने. शिवाय सेल्फ मारताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते. मधे कुठे शॉर्ट झाला, तर तेवढाच करंट बारीक वायरीतून धावतो आणि वायर क्षणात लाल होते.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

टेपच्या खोक्यावर "५० वॅट × ४" असे छापलेले असते. म्हणजे २०० वॅट झाले. पण टेपच्या पाठीमागे बसवलेला फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल, तर १२ गुणिले १० म्हणजे सारा टेप मिळून बॅटरीतून १२० वॅटच्या आसपासच घेणार, आणि त्यातलेही काही उष्णतेत जाणार. तेव्हा खोक्यावरच्या आकड्याला भुलू नये. वायर ठरवताना फ्यूजवरचा आकडाच धरावा.

वायर किती जाड घ्यावी?

वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. दुकानात तिलाच "अडीचची", "चारची" म्हणतात. समजा, बॅटरीपासून टेपपर्यंत ३ मीटर वायर आहे आणि करंट १० अँपिअर आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. अडीचच्या वायरीत तो सुमारे ०.२ व्होल्टच होतो. म्हणून साध्या टेपला अडीचची वायर घ्यावी. वेगळा अँप्लिफायर बसवून ३० अँपिअर घेणार असाल, तर अडीचची चालणार नाही. ५ मीटर लांबीत तिच्यात एक व्होल्ट जातो आणि ३० वॅटच्या वर उष्णता निघते. तिथे दहाचीच वायर हवी.

वायर बारीक तारांची, लवचीक असावी. घराच्या फिटिंगची मोजक्या जाड तारांची वायर ट्रॅक्टरच्या हादऱ्याने आतल्या आत तुटते.

स्वस्त वायरीत पुष्कळदा वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असते. तिचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली, तर ती वायर परत करावी.

फ्यूज टेपसाठी नव्हे, वायरीसाठी

टेपच्या मागे फ्यूज आहे, मग दुसरा कशाला, असे विचारले जाते. पण बॅटरी आणि टेप यांच्यामधे वायर घासून बॉडीला लागली, तर टेपचा फ्यूज काय करणार? तो पलीकडे राहिला. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीत-दीड वीत अंतरावर वेगळा फ्यूज हवाच. अडीचच्या वायरीला १५ अँपिअरचा, म्हणजे निळा फ्यूज ठीक. १० चा लाल, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. फ्यूज वारंवार जात असेल, तर कारण शोधावे. त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडे ठेवणे.

कोणती तार कुठे?

बाजारातल्या बहुतेक टेपला रंग ठरलेले असतात. तरी सोबतचा कागद पाहूनच जोडावे.

पिवळी : फ्यूजमधून थेट बॅटरीला.
लाल : चावीच्या स्विचवर. पुष्कळजण लाल व पिवळी एकत्र पिळून बॅटरीला लावतात. मग चावी काढली तरी टेप चालूच राहतो आणि सकाळी ट्रॅक्टर ढकलावा लागतो.
काळी : बॉडीला. जागा रंग खरवडून स्वच्छ करावी.
पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी : चार स्पीकरच्या पॉझिटिव्ह. त्याच रंगावर काळी रेघ असलेली, ती त्या स्पीकरची निगेटिव्ह.

स्पीकरची निगेटिव्ह तार बॉडीला कधीही लावू नये. वायर वाचते खरी, पण टेपचा आतला भाग जळतो. एका जोडीवर दोन स्पीकरही लावू नयेत. ४ ओहमचे दोन समांतर लावले की २ ओहम होतात आणि ते टेपला झेपत नाही.

ट्रकवाल्या सभासदांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २४ व्होल्टच्या गाडीवर १२ व्होल्टचा टेप सरळ लावू नये. दोनपैकी एकाच बॅटरीवर घेतला, तर ती बॅटरी लवकर खचते. मधे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा.

हत्यारे किती लागतात?

फार नाहीत. १० आणि १३ नंबरचे पाने, पेचकस, वायर सोलायची पक्कड, लग दाबायची पक्कड आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. जोड पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नये. इंजिनाच्या उष्णतेने चिकटपट्टी सुटते आणि हादऱ्याने जोड सैल होतो. लग नीट दाबावा, वर गरम करून आवळणारी नळी चढवावी. शेजारच्या चार सभासदांनी मिळून एकच संच घेतला तरी भागते.

काम करण्याचा क्रम

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह काढावी, मग बाकीचे काम, आणि निगेटिव्ह सर्वांत शेवटी लावावी. उलट केले आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. वायर सायलेन्सर, डिझेलची नळी आणि फिरते भाग यांपासून दूर न्यावी. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी वायसर घालावा आणि हातभर अंतराने वायर बांधावी.

काम झाल्यावर टेप मोठ्याने वाजवून मल्टिमीटरने बॅटरीवर व टेपपाशी व्होल्ट मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर कुठेतरी जोड कच्चा आहे असे समजावे. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसते, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. रांगेत इंजिन बंद ठेवून गाणी लावली आणि आकडा १२ च्या खाली आला, की टेप बंद करावा.

शेवटी दोन गोष्टी. आवाज एवढाच ठेवावा की मागून येणाऱ्याचा हॉर्न आणि ट्रॉलीजवळच्या माणसाची हाक ड्रायव्हरला ऐकू यावी. आणि हत्यारे काढलीच आहेत, तर त्याच दिवशी ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याची वायरही तपासावी. अंधारात भरलेली ट्रॉली मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. आधी तो दिवा लागू द्या, मग खुशाल गाणी लावा.