दाढीचे साहित्य – लेखांक सहावा : माफक किमतीचा ब्रश

गेल्या लेखांकात साबणाच्या वडीची घटना आणि तिच्या कठीणपणाची कारणे यांचा विचार आपण केला. आता त्या वडीतून फेस काढण्याचे काम ज्याच्याकडे सोपवायचे, त्या ब्रशाचा विचार ओघानेच प्राप्त होतो. दुकानात चौकशी केली असता बहुधा मुठीचा रंग, तिची चकाकी आणि किंमत एवढाच तपशील हाती येतो, आणि केसांच्या ज्या झुबक्यावर रोजच्या दाढीचे सारे सुख अवलंबून, त्याविषयी कोणी अवाक्षरही काढीत नाही. वस्तुतः ब्रशाच्या किमतीतील जो अंश झुबक्यावर खर्च झालेला असतो, तेवढाच ग्राहकाच्या उपयोगाचा होय. आणि साबण वापरणाऱ्याचे भाग्य असे की, त्याच्या कामास सर्वांत योग्य असा केस हाच बाजारात अत्यंत स्वस्त मिळणाऱ्या केसांपैकी एक आहे. तो केस म्हणजे डुकराचा राठ केस.

ही शिफारस केवळ किफायतीसाठी केलेली तडजोड आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. नळीतले क्रीम मुळातच पाणी घालून मऊ केलेले असल्यामुळे ते नुसत्या बोटांनी चोळले तरीही फेसाळते. वडीचे तसे नाही. तिच्या पृष्ठभागावरून साबणाचा पातळ थर खरवडून काढणे, त्यात पाणी आणि हवा कालवणे, आणि तयार झालेला फेस गालावरील खुंटांच्या मुळाशी नेऊन भिडविणे, ही तीन कामे तेथे एकाच साधनाला करावी लागतात, आणि त्यांपैकी पहिले व तिसरे काम केसांच्या ताठपणावाचून नीट होत नाही. बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या निशाचर प्राण्याच्या केसांचा ब्रश इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठेचा मानला गेला, आणि त्याचे गुण निःसंशय मोठे आहेत. त्याच्या केसांच्या फटींत पाणी विपुल साठते, आणि उंची प्रतीची टोके त्वचेला अतिशय मृदू लागतात. परंतु हीच मृदू टोके कठीण वडीवर फिरविली असता लवून जातात, आणि फटींतले पाणी साबणाच्या प्रमाणाबाहेर सांडून फेस पातळ करते. उलट डुकराचा केस बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. तो पाणी फटींत धरण्यापेक्षा स्वतःच्या अंगात शोषून घेतो, आणि म्हणून भिजल्यावर नरम होतो, तरी त्याचा कणा मोडत नाही.

या मताला दाखला हवा असेल तर तो इटलीतील केशकर्तनालयांत सापडतो. बोलोन्या येथे १९३१ साली स्थापन झालेल्या ओमेगा कारखान्याचे, उंच मुठीचे आणि डुकराच्या केसांचे ब्रश तेथील कारागीर पिढ्यांमागून पिढ्या वापरीत आलेले आहेत. दिवसभर फेस काढणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने केलेली निवड ही हौशी माणसाच्या निवडीपेक्षा अधिक विचारार्ह मानली पाहिजे. आपल्या देशातही हा जिन्नस परका नाही. ब्रिटिश अमदानीत कानपूर हे या केसांच्या व्यापाराचे नामांकित ठाणे होते, आणि हिंदुस्थानी केसाचा ताठपणा परदेशी बाजारात ओळखला जात असे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. डुकराच्या केसाच्या नैसर्गिक टोकाला दोन-तीन सूक्ष्म फाटे फुटलेले असतात, आणि त्वचेला जो काही मऊपणा जाणवतो तो या फाट्यांमुळे. चांगला कारागीर झुबक्याला गोलाई देतो ती केस साच्यात बसवून बुंध्याच्या बाजूने. टोकाला तो कात्री लावीत नाही. हलक्या मालात मात्र झुबका आधी बांधून मग वरून छाटतात, त्यामुळे फाटे निघून जातात आणि उरते ती बोथट, टोचणारी खुरटी कड. म्हणून ब्रश हाती येताच तो उजेडाकडे धरून टोके निरखावीत, आणि नंतर तळहातावर दाबून गोल फिरवून पाहावीत. कोरडा असतानाही टोके किंचित फिकट, विरळ व निमुळती दिसली, तर तो ब्रश घेण्याजोगा आहे. सर्व टोके एका पातळीत, तासल्याप्रमाणे सपाट दिसली, तर त्याची मूठ कितीही देखणी असो, तो परत ठेवावा. मग झुबका चिमटीत धरून दोन-चार वेळा हलकेच ओढावा. नव्या ब्रशाचे काही सुटे केस निघणारच, आणि पहिल्या आठवड्यात आणखीही निघतील; परंतु पुंजक्यांनी केस हाती येऊ लागले, तर झुबक्याचा बुंधा ज्या गोंदात बसविलेला असतो तो कच्चा राहिला आहे, असे निश्चित समजावे. हा दोष वापराने सुधारत नाही.

मापाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. मुठीपाशी झुबक्याचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर आणि मुठीबाहेर केसांची उंची ५० ते ५५ मिलिमीटर, हे घरगुती वापरास सोयीचे प्रमाण होय. उंची याहून कमी असल्यास केस वाकण्यास वाव राहत नाही आणि त्वचेला तो रुक्ष लागतो. फार वाढल्यास भिजलेला झुबका ढिला पडतो. मूठ लाकडी असावी की प्लॅस्टिकची, याविषयी आग्रह धरण्याचे कारण नाही. ओल्या बोटांतून ती निसटू नये आणि पाण्याने तडकू नये, एवढी खातरजमा पुरे.

अनेक स्वस्त ब्रशांच्या पांढुरक्या केसांवर मध्यभागी काळा पट्टा रंगविलेला आढळतो. बॅजरच्या केसावर असा पट्टा निसर्गतःच असतो, आणि त्याचा आभास उत्पन्न करण्यासाठी ही योजना असते. आज ती निरुपद्रवी आहे, पण अशाच एका सोंगाने एके काळी मनुष्यहानी घडविली आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी रशिया व चीन येथून येणारा केस फ्रान्स आणि जर्मनीत निवडला जाई व निर्जंतुक होऊन पुढे जाई. युद्धाने तो मार्ग खुंटला. बॅजरचा केस दुर्मिळ झाला, आणि त्याच्या जागी आशियातून आलेला घोड्याचा केस बॅजरसारखा रंगवून, पुरेशा शुद्धीकरणावाचून बाजारात उतरविण्यात आला. त्या केसांत काळपुळी रोगाचे बीजाणू दडलेले होते. वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून ते शरीरात शिरले, आणि इंग्लंड-अमेरिकेतील सैनिक व नागरिक दाढीच्या निमित्ताने या भयंकर व्याधीला बळी पडले. अखेर १९१९ च्या काळपुळी प्रतिबंधक कायद्याच्या आधारे ब्रिटिश सरकारने १९२० साली जपानी ब्रशांच्या आयातीला मनाई केली. त्या माणसांचा घात वस्तूच्या स्वस्तपणाने केला नाही. एका प्राण्याचा केस दुसऱ्याचा म्हणून, आणि अशुद्ध केस शुद्ध म्हणून खपविला गेला, त्याने केला. म्हणून केस कशाचा आहे हे वेष्टनावर स्पष्ट लिहिणाऱ्या उत्पादकास पसंती द्यावी, आणि रंगविलेल्या पट्ट्यासाठी एक पैसाही अधिक मोजू नये. खुद्द घोड्याच्या केसाला, तो स्वच्छ केलेला असेल तर, दोष देण्याचे कारण नाही. तो आयाळ व शेपटीचा असल्यामुळे जनावर मारावे लागत नाही, आणि गुणाने तो डुक्कर व बॅजर यांच्या मधला ठरतो. आपल्याकडे तो क्वचितच मिळतो, हीच त्याची मुख्य अडचण.

धर्माज्ञेमुळे किंवा अहिंसेच्या निष्ठेमुळे ज्यांना डुकराचा केस गालाला लावणे मान्य नाही, अशा वाचकांची संख्या महाराष्ट्रात थोडी नसणार, आणि त्यांच्या भावनेचा मान राखूनच हा विचार पुरा केला पाहिजे. त्यांच्यासाठी कृत्रिम धाग्याचा ब्रश हा पर्याय आहे. नायलॉनचा धागा व्यवहारात प्रथम आला तो १९३८ साली, दात घासण्याच्या ब्रशातून. आणि दाढीच्या ब्रशात त्याचा उपयोग झाला तेव्हा त्याच्या जाड, एकसारख्या काड्यांवरून पाणी ओघळून जाई, त्यामुळे कृत्रिम ब्रशाची दीर्घकाळ दुष्कीर्ती झाली. अलीकडे टोकाशी निमुळता केलेला बारीक कृत्रिम धागा निघाला आहे, आणि त्याने हे चित्र पालटले. तो भिजत घालावा लागत नाही आणि लवकर वाळतो, म्हणून प्रवासात तर तोच सोयीचा. त्याच्या अंगात पाणी मुरत नसल्याने वापरण्यापूर्वी तो नीट झटकून घ्यावा, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात वडी पाण्याने भरून जाते. कठीण वडीवर तो डुकराच्या केसाइतका साबण उचलीत नाही, असे माझे मत आहे. पण वडीवर थोडे पाणी आधीच मुरू दिले की हा फरक बराच कमी होतो.

डुकराच्या केसाचा ब्रश घरी आणल्यावर लगेच त्याच्याविषयी निर्णय देण्याची घाई करू नये. प्रारंभी त्याला जनावराचा वास येतो, टोके राठ लागतात, आणि तयार झालेला फेस पाहता पाहता विरतो. पहिले काही दिवस कोमट पाण्यात तो भिजवून तळहातावर साबणाचा फेस काढावा, रात्रभर वाळू द्यावा, आणि पुन्हा तसेच करावे. काही आठवड्यांत टोकांना आणखी फाटे फुटतात, वास जातो, आणि तोच ब्रश गालाला वेगळा वाटू लागतो. नित्य वापरात तो चार-पाच मिनिटे आधी पाण्यात ठेवावा, त्याच पाण्याने चेहराही भिजवावा, मग जादा पाणी झटकून ब्रश वडीवर अर्धा मिनिट फिरवावा आणि लापशी दाट झाल्यावर पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. उकळते पाणी कधीही घेऊ नये. त्याने केस ठिसूळ होतो आणि गोंद सुटतो.

विंधनविहिरीचे दुष्फेन पाणी वापरणाऱ्यांस मात्र एक जास्तीची निगा घ्यावी लागते. त्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो, आणि तो झुबक्याच्या बुंध्याशी साचून केस कडक करतो. अशा घरी साबण थोडा अधिक घ्यावा, आणि महिन्यातून एकदा कोमट पाण्यात चमचाभर शिरका घालून त्यात ब्रश काही मिनिटे बुडवून चोळून धुवावा. आम्लाने साका सुटतो. कोकणात पावसाळ्यात ओला ब्रश बंद कपाटात ठेवल्यास त्याला बुरशी धरते, यास्तव धुऊन, पिळून, झटकून तो मोकळ्या हवेत ठेवावा. बुरशीचे काळे डाग एकदा बुंध्यापर्यंत उतरले, तर धुण्याच्या खटपटीत न पडता नवा ब्रश आणावा. किंमत माफक असण्याचा हाही एक फायदा आहे.

पुढील लेखांकात पात्याचा विचार करू.