सगळेच दिवस सारखे, तरी सण

आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा क्वेकर निवासी शाळेत मी गणित शिकवत होते. मुलं मला नुसत्या नावाने हाक मारायची. क्वेकर माणसाला बिरुद लावत नाहीत, आणि जुन्या रीतीप्रमाणे दिवसालाही लावत नाहीत.

हे कळल्याशिवाय तिथले सण कळत नाहीत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी हा पंथ उभा केला, तेव्हा पुरोहितांबरोबर सणवारही सोडून दिले. सगळेच दिवस देवाचे, मग एकालाच पवित्र का म्हणायचं? वारांची नावं जुन्या देवदेवतांवरून पडलेली, म्हणून रविवार झाला ‘पहिला दिवस’. नाताळला क्वेकर दुकानदार दुकान उघडं ठेवत. आज पुष्कळ क्वेकर घरांत नाताळ होतो, पण थाटामाटाचं वावडं कायम आहे.

शाळेत मात्र चौदा-पंधरा वर्षांची मुलं घरापासून दूर राहतात. सणाच्या दिवशी ती जेवणावरून उठून जातात, कारण विचारलं तर सांगत नाहीत. त्यांना सण हवाच. माझ्या मते कुठलाच सण शाळेचा म्हणून ठरलेला नव्हता, म्हणूनच तिथे प्रत्येकाच्या सणाला जागा मिळाली.

काय करायचं हे सभेत ठरे. क्वेकर सभेत मतं मोजत नाहीत. सगळे बोलतात, मध्ये शांत बसतात, आणि सगळ्यांना पटेल असं काही निघालं की सभा चालवणारा ते लिहून वाचून दाखवतो. नाही निघालं तर विषय पुढच्या सभेवर. हॅलोवीनच्या वेळी एक मुलगी म्हणाली, विकतचे पोशाख सगळ्यांना परवडत नाहीत. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ठरलं की काहीच विकत आणायचं नाही. त्या रात्री गोठ्यातली पोती आणि जुने पडदे यांतून जी भुतं निघाली, ती कुठल्याही दुकानात मिळाली नसती.

दिवाळीची सुरुवात मी वसुबारसेपासून केली, कारण शाळेला गोठा होता. धारा काढणारी मुलं रोज त्या गायींच्या अंगाला अंग लावून काम करायची. त्यांना गाय-वासराला का ओवाळायचं हे समजावून सांगावं लागलं नाही. पणत्या मुलांनीच कुंभारकामाच्या खोलीत घडवल्या, भट्टीत भाजल्या. काही तिरक्या होत्या, तेल एका बाजूने ओघळायचं, पण सगळ्या लावल्या. चिवडा परातीत कालवताना स्वयंपाकघराच्या पाळीवरच्या मुलांनी शेंगदाणे आधीच निम्मे संपवले. जेवणापूर्वी नेहमीप्रमाणे सगळ्यांनी हात धरून मौन पाळलं, आणि मग फराळ.

थँक्सगिव्हिंगला शेतातले भोपळे आणि बटाटे पानात यायचे. आयोवात राहायचं तर मेस्क्वाकी या मूलनिवासी लोकांची आठवण काढल्याशिवाय तो दिवस मला पुरा वाटत नसे. आपल्या मुलखातून हुसकावलेल्या या लोकांनी १८५७ साली इथे स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेतली. तिथे ते आजही आहेत.

हनुका या ज्यूंच्या सणाच्या दिवसांत मी मुलांना वेस्ट ब्रांचजवळच्या स्कॅटरगुड शाळेची गोष्ट सांगायचे. मंदीत ती बंद पडली होती. १९३९ ते १९४३ या काळात क्वेकरांनी तिथे हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या सुमारे १८५ जणांना आसरा दिला; त्यांत बरेच ज्यू होते. इंग्रजी शिकवलं, कामं शोधून दिली.

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांचा दिवस. तो मला फार जवळचा. १९५९ साली किंग भारतात आले, त्या दौऱ्याच्या यजमानांत अमेरिकन क्वेकरांची सेवासंस्था होती. तेव्हा किंग मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. गावदेवीतलं ते घर मी लहानपणी पाहिलेलं, म्हणून मुलं मला जिन्यापासून खोलीपर्यंत सगळं विचारायची.

एका वर्षी रमजान शाळेच्या दिवसांत आला. सहरीसाठी पहाटे स्वयंपाकघर कोण उघडणार, हा प्रश्न सभेत निघाला. चर्चा लांबलीच नाही. फळ्यावर पाळ्यांचा तक्ता लागला आणि संध्याकाळपर्यंत भरला. त्यात रोजा न धरणाऱ्यांचीच नावं जास्त होती.