विलो क्रीक : एका मेगाचर्चची वाढ आणि त्याच्या नेतृत्वाची चौकशी

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जीवनात गेल्या पन्नास वर्षांत जी नवी संस्था प्रबळ झाली तिला 'मेगाचर्च' असे नाव आहे. ज्या चर्चच्या साप्ताहिक उपासनेस सरासरी दोन हजार वा त्याहून अधिक माणसे उपस्थित असतात त्यास धर्मसंस्थांचे अभ्यासक ही संज्ञा लावतात. तथापि संख्या हे केवळ बाह्य लक्षण होय. हजारोंना सामावून घेणारी चर्चे युरोपात मध्ययुगातही होती. मेगाचर्चचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. ते बहुधा कोणत्याही जुन्या पंथाच्या शिस्तीखाली नसते, एका संस्थापकाच्या वक्तृत्वावर व कल्पकतेवर उभे राहते, आणि आपली वाढ हीच आपल्या कार्याची साक्ष मानते. ह्या प्रकारच्या संस्थांना ज्या एका चर्चने नमुना पुरविला ते म्हणजे शिकागोजवळचे विलो क्रीक कम्युनिटी चर्च. त्याच्या उत्कर्षाचा व २०१८ साली झालेल्या पडझडीचा वृत्तान्त प्रस्तुत लेखात द्यावयाचा आहे. ख्रिस्ती सिद्धान्तांची चिकित्सा हा येथे हेतू नाही. ज्या संस्थेने स्वतःच्या प्रत्येक अंगाची मोजदाद केली तिला आपल्याच प्रमुखाविषयीची तक्रार नीट ऐकता का आली नाही, एवढाच प्रश्न समोर ठेवला आहे. (मराठी ख्रिस्ती समाज 'पास्टर'ला पाळक आणि 'एल्डर'ला वडील म्हणतो, तेच शब्द येथे योजिले आहेत.)

संस्थापक बिल हायबेल्स ह्यांचा जन्म १९५१ साली मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे, डच वंशाच्या एका कुटुंबात झाला. पित्याचा भाजीपाला व फळांचा घाऊक व्यापार होता. कुटुंब ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च ह्या पंथाचे होते. ह्या पंथात प्रत्येक मंडळीवर आसपासच्या मंडळ्यांची एक परिषद असते आणि तिच्यावर सर्वोच्च सभा असते. पाळकाविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर ते त्याच्या स्वतःच्या मंडळीबाहेर नेण्याची सोय त्या रचनेत आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण हायबेल्स ह्यांनी पुढे जी संस्था उभारली तीत नेमकी हीच सोय नव्हती.

शिकागोनजीकच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असता गिल्बर्ट बिलेझिकियन ह्या प्राध्यापकांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथात आद्य ख्रिस्ती मंडळीचे वर्णन आहे. त्या मंडळीचे लोक एकत्र भोजन करीत व आपली मालमत्ता गरजूंसाठी वाटून देत. तशी मंडळी आजही का असू नये, असा बिलेझिकियन ह्यांचा आग्रह असे. दरम्यान हायबेल्स व त्यांचे मित्र पार्क रिज ह्या उपनगरातील एका चर्चमध्ये तरुणांचे मेळावे भरवीत होते. आधुनिक संगीत, छोटी नाट्ये आणि साध्या बोलीतला उपदेश ह्यांमुळे ह्या मेळाव्यांची उपस्थिती हजाराच्या घरात गेली. तेव्हा मोठ्या माणसांसाठीही असेच काही करावे, असा विचार पुढे आला.

तत्पूर्वी ह्या मंडळींनी घरोघर जाऊन एक चौकशी केली. आपण चर्चला जाता काय, आणि जात नसाल तर का नाही, असा साधा प्रश्न होता. उत्तरे मासलेवाईक आली. तेथे सतत पैसे मागतात, उपासना कंटाळवाणी असते, तिचा आमच्या रोजच्या जीवनाशी संबंध नसतो, आम्हांला तेथे अपराधी वाटते. १२ ऑक्टोबर १९७५ रोजी पॅलेटाइन गावातील विलो क्रीक नावाचे चित्रपटगृह भाड्याने घेऊन पहिली उपासना झाली. सामग्रीसाठी लागणारा पैसा तरुणांनी दारोदार टोमॅटो विकून उभा केला होता. पहिल्या दिवशी सव्वाशे माणसे आली. तीनेक वर्षांत उपस्थिती दोन हजारांवर गेली. १९८१ साली साउथ बॅरिंग्टन येथे स्वतःची वास्तू उभी राहिली, आणि चित्रपटगृहाचे नाव तेवढे मागे उरले.

ह्या वाढीमागील पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे. विलो क्रीकने उपासनेचे दोन भाग केले. शनिवार-रविवारचा कार्यक्रम श्रद्धावंतांसाठी नव्हताच. जो चर्चपासून दुरावला आहे, ज्याला 'शोधक' म्हटले जाई, त्याच्यासाठी तो होता. त्याने गावे, दान टाकावे, स्वतःचा परिचय द्यावा अशी कोणतीही अपेक्षा नसे. सभागृहात क्रूस लावलेला नव्हता. एखादे व्यापारी कार्यालय वा महाविद्यालय वाटावे असे वास्तूचे रूप होते. वाहनतळावर स्वयंसेवक वाट दाखवीत, मुलांची निराळी व्यवस्था असे, मंचावर वाद्यवृंद असे. खरी उपासना, प्रभुभोजन आणि शास्त्राचे सखोल शिक्षण आठवड्याच्या मध्यावर, श्रद्धा स्वीकारलेल्यांसाठी होई. शिवाय हजारोंच्या गर्दीत माणूस हरवू नये म्हणून छोटे गट होते. व्यवस्थापनशास्त्राचे ख्यातनाम लेखक पीटर ड्रकर ह्यांचे प्रश्न हायबेल्स ह्यांनी आपल्या कार्यालयाबाहेर लावले होते, असे त्या काळच्या वृत्तान्तांत नमूद आहे. आपला व्यवसाय कोणता, आपला ग्राहक कोण आणि तो कशाला मूल्यवान समजतो, असा त्यांचा आशय होता. भाजीपाल्याच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटली नसावी.

टीकाकारांनी ह्यास धर्माचे बाजारीकरण म्हटले. ती टीका सर्वस्वी खोटी नाही, परंतु अपुरी आहे. बाजाराच्या हिशेबाने पाहता विलो क्रीकने आपल्या ग्राहकाचा जो विचार केला तो अनेक जुन्या चर्चांनी आपल्या सभासदांचाही केला नव्हता. गरजूंसाठी अन्नवाटप, घटस्फोटितांसाठी आधारगट, एकट्या मातांच्या मोटारगाड्यांची दुरुस्ती अशी कामे तेथे स्वयंसेवकांच्या बळावर चालत. आणखी एक बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. अमेरिकेतील बहुतांश इव्हॅन्जेलिकल चर्चे वडील व पाळक ही पदे स्त्रियांना देण्यास विरोध करीत असता विलो क्रीकने ती दिली. बिलेझिकियन ह्यांनी ख्रिस्ती मंडळीत स्त्री-पुरुष समानतेच्या बाजूने शास्त्राधारे ग्रंथ लिहिला होता. नॅन्सी बीच ह्या तेथे उपदेश करणाऱ्या पहिल्या स्त्री-पाळक झाल्या. समानता हे त्या चर्चचे घोषित तत्त्व होते. २०१८ चा वृत्तान्त वाचताना ह्याचा विसर पडू देता कामा नये.

१९९० नंतर विलो क्रीक हे केवळ चर्च उरले नाही. १९९१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्याच्यावर अभ्यासप्रकरण तयार केले. ते लिहिणाऱ्यांपैकी जिम मेलाडो पुढे विलो क्रीक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १९९२ साली स्थापन झालेल्या ह्या संघटनेत हजारो चर्चे सामील झाली. १९९५ पासून दरवर्षी 'लीडरशिप समिट' भरू लागली. तीत उद्योगपती, लेखक, राजकीय नेते बोलत; २००० साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन ह्यांची तेथे हायबेल्स ह्यांनी मुलाखत घेतली, आणि त्यावरून सनातनी ख्रिस्ती वर्तुळात बराच गदारोळ झाला. परिषदेचे प्रक्षेपण अनेक देशांत होत असे. नेतृत्व हाच तेथील मुख्य उपदेशविषय बनला आणि हायबेल्स हे त्याचे आचार्य. २००४ साली सात हजारांहून अधिक आसनांचे सभागृह उघडले. २०१७ च्या सुमारास आठ ठिकाणी मिळून साप्ताहिक उपस्थिती पंचवीस हजारांच्या आसपास होती.

मोजदादीचे ह्या संस्थेला वेड होते असे म्हटले तरी चालेल, आणि ते प्रामाणिकही होते. २००७ साली तिने स्वतःच्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध केली. चर्चच्या कार्यक्रमांत माणूस जितका अधिक सहभागी होतो तितकी त्याची आध्यात्मिक वाढ होते, हे संस्थेचे मूळ गृहीतच त्या पाहणीत टिकले नाही. सुमारे एक चतुर्थांश सभासदांनी आपली प्रगती खुंटली आहे वा आपण असमाधानी आहोत असे कळविले. तीस वर्षांच्या कामावर पाणी टाकणारा हा निष्कर्ष संस्थेने लपविला नाही. आपण चुकलो असे हायबेल्स ह्यांनी जाहीरपणे सांगितले. पद्धत चुकली हे कबूल करण्याचे धैर्य ह्या संस्थेत होते.

प्रमुख चुकला असावा, हे ऐकण्याची मात्र तिची तयारी नव्हती. २०१४ साली वडीलमंडळापुढे एक गोष्ट आली. एका स्त्रीने हायबेल्स ह्यांच्याशी आपले दीर्घकाळ संबंध असल्याचे आपल्या मैत्रिणीजवळ सांगितले होते. ही मैत्रीण मेलाडो ह्यांची पत्नी. वडिलांनी विचारता त्या स्त्रीने ते विधान मागे घेतले. हायबेल्स ह्यांनीही इन्कार केला. दोघांमध्ये अकराशे पन्नासांहून अधिक ई-मेल गेले होते, परंतु त्यांचा मजकूर वडिलांना तपासता आला नाही. मंडळाने हायबेल्स ह्यांना निर्दोष ठरविले. ही चौकशी अपुरी आहे असे मानून असोसिएशनच्या संचालक मंडळातील तिघांनी राजीनामे दिले, त्यांत नॅन्सी ऑर्टबर्ग होत्या. पुढे बाहेरच्या वकिलाकडून आणखी एक चौकशी झाली. तीतही गैरवर्तनाचा पुरावा नाही असेच निष्पन्न झाले. मात्र तक्रारदारांपैकी काहींनी तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेऊन साक्ष दिली नव्हती.

२२ मार्च २०१८ रोजी 'शिकागो ट्रिब्यून'ने ह्या सर्व प्रकरणाचा शोधवृत्तान्त छापला. सूचक बोलणी, लांबलेली आलिंगने, हॉटेलच्या खोलीत येण्याचे निमंत्रण, एक नको असलेले चुंबन, अशा अनेक स्त्रियांच्या अनेक वर्षांतल्या तक्रारी त्यात होत्या. हायबेल्स ह्यांनी सर्व आरोप नाकारले आणि काही जुन्या सहकाऱ्यांनी आपल्याविरुद्ध संगनमत केल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी भरलेल्या सभेत मंडळीने उभे राहून टाळ्यांच्या कडकडाटात त्यांना पाठिंबा दिला. वडीलमंडळही त्यांच्याच बाजूचे होते. १० एप्रिल रोजी त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा सभागृहातून 'नाही, नाही' असे आवाज उठले.

ह्या स्त्रिया कोण होत्या हे पाहिले म्हणजे संगनमताची कल्पना किती कमकुवत होती ते कळते. त्या संस्थेच्या शत्रू नव्हत्या. नॅन्सी बीच ह्यांच्यासारख्या कित्येकींनी आपले तारुण्य तिच्या उभारणीत घातले होते. समिटच्या मंचावर त्यांना जागा मिळाली ती हायबेल्स ह्यांच्याच पाठिंब्याने. तक्रार करणे म्हणजे ज्याने आपल्याला दार उघडले त्याच्यावर बोट ठेवणे, आणि हजारो लोकांच्या श्रद्धेला आपण तडा देत आहोत असा दोष पत्करणे. दुसरीकडे, ज्यांनी न्याय द्यावयाचा ते वडील त्याच उपदेशाने घडलेले, पुष्कळदा त्याच पाळकाच्या हातून श्रद्धेत आलेले. त्यांच्या वर कोणती परिषद नव्हती, सभा नव्हती. अर्थात वरची सत्ता असली म्हणजे न्याय मिळतोच असे नाही; बिशपांची उतरंड असलेल्या कॅथलिक चर्चने काय केले ते बॉस्टन शहराने २००२ साली पाहिले. परंतु वरची सत्ता निष्क्रिय असणे आणि ती मुळातच नसणे ह्यांत भेद आहे. विलो क्रीकमधील तक्रारीला चर्चच्या भिंतीबाहेर जावयाचे तर वृत्तपत्राखेरीज दुसरे दारच नव्हते.

मे महिन्यात वडिलांनी स्त्रियांना खोटे ठरविणाऱ्या आपल्या पहिल्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला. ५ ऑगस्ट रोजी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने हायबेल्स ह्यांच्या १९८० च्या दशकातील एका साहाय्यिकेची हकीकत छापली. आपल्याला त्या काळी वारंवार लैंगिक छळ सोसावा लागला, असे तिचे म्हणणे होते. हायबेल्स ह्यांनी तेही नाकारले. त्याच दिवशी प्रमुख उपदेशक स्टीव्ह कार्टर पदावरून दूर झाले. ८ ऑगस्ट रोजी मुख्य पाळक हीदर लार्सन आणि संपूर्ण वडीलमंडळ ह्यांनी राजीनाम्याची घोषणा केली. हायबेल्स ह्यांच्यावरील विश्वासाने आमची दृष्टी झाकोळली, अशा अर्थाची कबुली वडिलांच्या वतीने त्या सभेत देण्यात आली.

त्यानंतर चर्चबाहेरील चार ख्रिस्ती विद्वान व नेत्यांचा एक स्वतंत्र गट नेमण्यात आला. त्याचा अहवाल फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तो अवघा सतरा पानांचा आहे. हायबेल्स ह्यांच्यावरील आरोप विश्वासार्ह आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एखाद्या एकट्या साक्षीवर हा निष्कर्ष आधारलेला नसून सर्व साक्षी आणि त्यांची पार्श्वभूमी एकत्र पाहून तो काढला आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. संस्थापकाच्या धाकामुळे व प्रभावामुळे मंडळाला त्यांच्यावर देखरेख करणे जमले नाही, असा ठपका अहवालात आहे. न्यायालयात खटला मात्र उभा राहिला नाही. अहवालाला कायद्याच्या निकालाचे स्थान नाही हे अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.

असोसिएशनने ह्या काळात 'ग्लोबल लीडरशिप नेटवर्क' हे नवे नाव घेतले. समिट चालू राहिली. चर्चची उपस्थिती २०१८ नंतर उतरू लागली आणि कोविडच्या साथीने तीत भर घातली. २०२२ साली सुमारे तीस टक्के पगारी सेवकवर्ग कमी करावा लागला. साउथ बॅरिंग्टनच्या सात हजार आसनांच्या सभागृहात उपासना चालू राहिली. पूर्वीच्या मानाने पुष्कळ आसने रिकामी असत.