एकच कर्नल, शेकडो ट्रीज

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, आज सुमारे ४ कोटी ओळी आहेत. त्यात सुचवलेली दुरुस्ती मात्र पुष्कळदा पंधरा-वीस ओळींच्या साध्या मजकुरात मावते. या मजकुराला पॅच म्हणतात आणि तो एकदा तरी उघडून पाहावा असाच असतो. उणे चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची ओळ घालायची, आणि त्यांच्या वर तीन, खाली तीन ओळी जशाच्या तशा उतरवलेल्या. त्या सहा ओळींत काहीच बदलायचं नसतं. त्या असतात जागेची ओळख पटावी म्हणून. उरलेल्या कर्नलबद्दल पॅचला जवळपास काहीच ठाऊक नसतं. फाइलमध्ये वरच्या बाजूला कुणी दोनशे ओळींची भर घातली, तरी आजूबाजूच्या ओळी त्याच असल्या की पॅच तेवढा खाली सरकून नेमक्या जागी बसतो. हे काम करणारा पहिला प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. चाळीस वर्षं झाली, तरी पॅचची ही मूळ कल्पना टिकून आहे.

पण आजूबाजूच्या ओळीच बदलल्या असतील तर पॅच बसत नाही. कारण प्रत्येक पॅच हा कोडच्या एका ठरावीक स्थितीपासूनचा बदल असतो. आणि लिनक्समध्ये अशा स्थिती एकाच वेळी शेकडो असतात. कोडच्या अशा प्रत्येक स्वतंत्र प्रतीला ट्री म्हणतात.

लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांच्याकडे असते ती मेनलाइन ट्री. तिची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. सुरुवातीचे दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते, तेव्हा नव्या गोष्टी आत येतात; पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात आणि ते करणारे हात दोन हजारांच्या घरात. एवढं सगळं एका माणसाने वाचणं अशक्यच. म्हणून नेटवर्क, मेमरी, ध्वनी, ग्राफिक्स अशा प्रत्येक भागाचे वेगळे मेन्टेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे, आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या ट्रीज आहेत. पुढच्या आवृत्तीत येणारं कर्नल आज या ट्रीजमध्ये विखुरलेलं असतं. तुम्ही बदलू पाहता ती ओळ मेनलाइनमध्ये जुनीच दिसेल आणि मेन्टेनरच्या ट्रीमध्ये ती तीन आठवड्यांपूर्वीच गेलेली असेल.

एक उदाहरण जवळून पाहू. रिअलटेकच्या नेटवर्क चिप्स असंख्य घरगुती संगणकांत असतात. त्यांचा एक ड्रायव्हर आहे, आर८१६९. त्यात तुम्हाला एखादी चूक सापडली, मशीन झोपेतून उठल्यावर नेटवर्क परत येत नाही अशी, तर दुरुस्ती ‘नेट’ नावाच्या ट्रीवर करायची. तिथला माल साधारण दर आठवड्याला लिनसकडे जातो. पण त्याच फाइलमध्ये, अगदी त्याच फंक्शनमध्ये तुम्ही नव्या चिपची ओळख घालत असाल, तर ट्री बदलली: ‘नेट-नेक्स्ट’. ती पुढच्या मर्ज विंडोची वाट पाहते, आणि विंडो उघडली की ते दोन आठवडे नवे पॅच घेत नाही. फाइल तीच असते, पण हेतू बदलला की पत्ताही बदलतो. म्हणून नेटवर्कच्या पॅचच्या शीर्षकात ट्रीचं नाव लिहायची पद्धत आहे. दुरुस्ती असेल तर खाली ‘फिक्सेस’ची ओळ येते, चूक मुळात कोणत्या बदलातून आली हे सांगणारी.

हा पत्ता शोधायचा कसा? कर्नलच्या आतच मेन्टेनर्स नावाची एक फाइल आहे, वीस हजारांहून अधिक ओळींची. ती या सगळ्या जमिनीचा सातबाराच आहे. कोणती फाइल कुणाच्या ताब्यात आहे, ते काम चालू आहे की पडीक आहे, आणि ‘टी’ या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत ट्री कोणती, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. ही फाइल वाचून उत्तर देणारी गेट-मेन्टेनर नावाची एक स्क्रिप्टही सोबत येते. ती पर्ल भाषेत लिहिलेली आहे, आणि पर्लचे जनकही तेच, लॅरी वॉल.

मग सगळ्यात नवी ट्री घेतली तर? नवशिक्यांना हा मोह हमखास होतो. लिनक्स-नेक्स्ट नावाची ट्री आहेच तशी. स्टीफन रॉथवेल यांनी ती २००८ मध्ये सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षं एकहाती सांभाळली. तीनशेहून अधिक ट्रीज कामाच्या दिवशी रोज एकत्र करून पाहायच्या आणि कुठे टक्कर होते ते शोधायचं, यासाठी ती आहे. मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत अद्भुत गोष्ट हीच वाटते: अजून न आलेलं कर्नल रोज बांधून तपासलं जातं.

त्याची गरज किती आहे, हे २०२५ मधल्या ६.१५ आवृत्तीवरून कळेल. डेल-टायमर हे फार जुनं फंक्शन त्या वेळी काढून टाकलं गेलं आणि सबंध कर्नलभर त्याच्या जागी टायमर-डिलीट आलं. आता कुणी ६.१४ समोर ठेवून अख्खा नवा ड्रायव्हर लिहिला आणि त्यात डेल-टायमर वापरलं, तर काय होईल? फाइलच नवी, तिला आजूबाजूच्या ओळीच नाहीत, त्यामुळे पॅच ६.१५ वर बिनतक्रार बसेल. कंपाइल मात्र होणार नाही. पॅच बसला म्हणजे तो बरोबर आहे, असं अजिबात नाही.

तरीही लिनक्स-नेक्स्टवर आपलं काम उभारणं सहसा चुकीचंच. ती रोज नव्याने जुळवली जाते. शिवाय तिच्यात इतर शेकडो ट्रीजचे बदल मिसळलेले असतात, ते तुमच्या मेन्टेनरकडे नसतातच.

उलट्या टोकाला स्टेबल ट्रीज आहेत, लोक प्रत्यक्षात वापरतात त्या जुन्या आवृत्त्यांच्या. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं नाव २००५ पासून त्यांच्याशी जोडलेलं आहे. त्यांचा नियम कडक आहे: दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये हवी, तरच जुन्या आवृत्तीत येईल. ऐकायला उलटं वाटतं, पण विचार पक्का आहे. फक्त जुन्यात दुरुस्त केलेली चूक नव्या आवृत्तीत जशीच्या तशी उरेल, आणि अपडेट करणाऱ्याला ती पुन्हा भेटेल. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच असतं, त्यामुळे हा नियम आपल्या खिशापर्यंत पोचतो.

आपण कुठे उभं राहून बदल केला, हे पॅचला सांगताही येतं. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाला ‘बेस’ सांगा असं म्हटलं, की पॅचच्या शेवटी ‘बेस-कमिट’ची एक ओळ येते आणि तिच्यात ४० अक्षर-अंकांची खूण. त्या ४० चिन्हांत कोट्यवधी ओळींची त्या क्षणाची नेमकी स्थिती येते, आणि तिच्यामागचा गिटमधला सगळा इतिहासही, म्हणजे थेट २००५ पर्यंतचा. एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. इतका नेमका पत्ता एका ओळीत देता येत असताना तो न देणं मला पटत नाही. वाचणाऱ्या मेन्टेनरचा, पॅच आपोआप तपासणाऱ्या यंत्रणांचा आणि तुमचाही वेळ त्याने वाचतो.

पुण्या-नागपुरात कुठल्याशा हॉस्टेलच्या खोलीत बसून पहिला पॅच लिहायचं मनात असेल, तर कोडला हात लावण्याआधी मेन्टेनर्स फाइलमधली ‘टी’ची ओळ वाचा. ती ट्री उतरवून घ्या, दुरुस्ती आहे की भर आहे हे ठरवा, आणि पाठवताना बेस-कमिट जोडा.