‘वऱ्हाड’ पडद्यावर येतं तेव्हा

‘वऱ्हाड’ हा शब्द टाईप केला की संगणकाच्या हाती सहा सुटे संकेतांक पडतात: व, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड. त्यांतून ‘ह’ला बिलगलेली ती बाकदार रेघ घडवायची, तिला रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढू द्यायचं नाही, काना जागच्या जागी बसवायचा. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉईड, लिबरऑफिस, सगळीकडे तीच. हा लेख कोणी अँड्रॉईड फोनवर वाचत असेल, तर याही ओळीमागे तीच राबली आहे.

हार्फबझ सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आहे, म्हणजे ती थेट त्या त्या प्रोसेसरच्या मशीन कोडमध्ये उतरते. इथे ते योग्यच आहे. पान उघडताना हजारो शब्दांची जुळणी डोळ्याला कळायच्या आत व्हावी लागते. पण दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. तिच्याकडे मजकुराचा अख्खा तुकडा सोपवायचा आणि आकृत्यांची अख्खी यादी परत घ्यायची, असा तिचा व्यवहार आहे. जावा किंवा पायथनमधून असा थेट मशीन कोडमध्ये उतरलेला, म्हणजे नेटिव्ह कोड वापरताना प्रत्येक कॉलचा खर्च पडतो. अक्षरागणिक कॉल केला तर मिळालेला वेग ये-जा करण्यातच संपतो. म्हणून ‘हा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहू या, पळेल’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, दोन भाषांमधली वेस किती वेळा ओलांडायची आहे?

त्यानंतर येतो बिल्डचा, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम घडवण्याचा प्रश्न, आणि नेटिव्ह कोडची खरी किंमत तिथेच मोजावी लागते. कोड एकदा लिहिला जातो. बिल्ड प्रत्येक यंत्रासाठी, प्रत्येक वर्षी करावं लागतं.

1976 साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रामातली चूक शोधण्यात गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाईलच झाली नव्हती. बदललं असेल तेवढंच पुन्हा करायचं, ही मेकची कल्पना आजही बिल्डच्या साधनांच्या मुळाशी आहे. यंत्रायंत्रांतला फरक मात्र मेकला कळत नाही. 1991 च्या ऑटोकॉन्फनं तो मुख्यतः युनिक्सच्या घराण्यापुरता हाताळला. सीमेक 2000 साली आलं ते वैद्यकीय प्रतिमांच्या पोटी: अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या निधीतून आयटीके ही लायब्ररी बनत होती, आणि ती विंडोज व युनिक्स दोन्हीकडे चालायला हवी होती. सीमेकची भाषा मला आजही खडबडीत वाटते. तरी व्हिज्युअल स्टुडिओ वापरणारे ग्राहक असतील तर मी तेच सुचवतो.

क्रोमवर काम करताना इव्हान मार्टिन यांनी निंजा लिहिलं. 30,000 हून जास्त फाईलींच्या त्या प्रकल्पात एक फाईल बदलली, तरी इतर साधनं काम सुरू करायलाच 10 सेकंद घेत. निंजा एका सेकंदाच्या आत सुरू होतं. निंजाची फाईल हातानं लिहायची नसते. ती सीमेक किंवा मेसन यांसारखं साधन तयार करून देतं. हार्फबझ आता मेसननं बिल्ड होते, आणि तिची मेसनची फाईल नवख्यालाही वाचता येते. सारं रस्ट भाषेत असेल तर तिचं स्वतःचं साधन कार्गो आहेच, तिथे फार विचार करावा लागत नाही.

साधन कितीही चांगलं असलं तरी काही गाठी कोडमध्येच असतात. हार्फबझला फॉन्टची माहिती घेण्यासाठी फ्रीटाईप ही लायब्ररी वापरता येते, आणि फ्रीटाईपला अक्षरांच्या कडा नीट बसवताना हार्फबझची मदत होते. आधी कोण? बरीच वर्षं रीत अशी होती: आधी फ्रीटाईप हार्फबझविना बिल्ड करायची, मग हार्फबझ, मग फ्रीटाईप पुन्हा. पहिल्यांदा हे करताना माझी एक रात्र गेली. पडद्यावर तेच नाव दुसऱ्यांदा कंपाईल होताना दिसलं, तेव्हा आपलंच काही चुकलं असं वाटत होतं.

वेगासाठी मला मनापासून आवडणारा मार्ग एसक्यूलाईट या डेटाबेसचा. त्यांचा सगळा सी कोड एकाच भल्यामोठ्या फाईलीत एकत्र करून मिळतो. कंपायलरला सगळं एकत्र दिसतं, म्हणून एकही ओळ न बदलता 5 ते 10 टक्के वेग वाढतो, असं तेच सांगतात. हार्फबझही अशीच एका फाईलीतून कंपाईल करता येते. उलट ‘मार्च=नेटिव्ह’ हा, बिल्ड करणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी कोड घडवणारा कंपायलरचा पर्याय जपून वापरावा. मी तो लावून पाठवलेला एक प्रोग्राम माझ्या यंत्रावर सुरेख पळाला आणि ग्राहकाच्या जुन्या संगणकावर पहिल्याच क्षणी कोसळला; त्या प्रोसेसरला त्या सूचना ठाऊकच नव्हत्या.

अँड्रॉईडवर तर नेटिव्ह कोड कधी जुना होईल ते आपल्या हाती नसतं. 1 ऑगस्ट 2019 पासून गूगल प्लेनं 64 बिटची आवृत्ती सक्तीची केली. 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉईड 15 आणि पुढच्या आवृत्त्यांसाठीच्या ॲपना 16 केबीच्या मेमरी पानांवर चालणं आवश्यक झालं. निव्वळ कोटलिन किंवा जावात लिहिलेल्यांना बहुधा काहीच करावं लागलं नाही. ज्यांच्या ॲपमध्ये कुणाची तरी जुनी तयार लायब्ररी होती आणि तिचं बिल्ड कसं करायचं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, ते अडकले.

बिल्डमध्ये धोकाही लपू शकतो. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचनं लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं दिसलं. तो अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला नाही. शोध घेता घेता ते एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत लपवलेल्या चोरवाटेपर्यंत पोहोचले. ती वाट उघडणारा धागा बिल्डच्या एका मॅक्रो फाईलीत होता, आणि ती फाईल रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे उतरवून घ्यायच्या गठ्ठ्यात होती, गिटमधल्या मूळ कोडमध्ये नव्हती. तेव्हापासून मी टारबॉल न उतरवता गिटमधल्या टॅगवरून बिल्ड करतो. आधी बिल्डची फाईल वरपासून खालपर्यंत वाचतो, मग कोऱ्या यंत्रावर हार्फबझ उभी करतो, आणि पहिला शब्द देतो तो ‘वऱ्हाड’.